अण्णांची बारा जनावरं

लोक म्हणतात, वय झालं की माणसाचा राग निवतो. खोटं आहे. माझे गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, साताऱ्याच्या शाळेत पोरांवर ओरडून ओरडून आवाज घोगरा झाला. राग मात्र जिथल्या तिथे आहे, चांगला धडधाकट. परवा माझा नातू मोबाईलवर एक चित्र दाखवत होता. हत्ती उमटलेलं जुनं रोमन नाणं, परदेशात कुठंतरी विकायला ठेवलेलं. ‘आजी, भारी आहे ना?’ म्हणाला. मी मोबाईल त्याच्या हातातून काढून पालथा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. त्या पोराचा काय दोष? पण असलाच हत्ती मी चांदी वितळवायच्या मुशीत बुडताना पाहिला आहे आणि त्या वेळी माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नव्हतं. ते का निघालं नाही, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता लिहून टाकते.

आमचं घर कडेगावच्या कडेला, विहिरीला लागून. दिवसभर पाण्याचं इंजिन पुकपुक करत असायचं, आणि ते थांबलं की आम्ही सगळे चमकून वर बघायचो. घरात आई, माझे आजोबा म्हणजे आबा, आणि मी. माझे वडील लष्करात. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. वर्षातून दोन महिने ते सुट्टीवर यायचे. त्यांचा धाकटा भाऊ, आमचे तात्या, गलाईच्या कामाला लांब मुलखात. आमच्या भागातली अर्धीअधिक पोरं त्या काळात हेच करायची. परक्या शहरात एका खोलीत भट्टी लावायची आणि लोकांचं मोडीतलं सोनं-चांदी वितळवून, गाळून शुद्ध करून द्यायची. तात्या दसऱ्याला यायचे, माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणायचे. वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम लिहिते आहे. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

अण्णांना एकदा शांतिसेनेबरोबर लांबच्या वाळवंटात पहाऱ्याला धाडलं होतं. बाकीच्या जवानांनी तिथून घड्याळं आणली, रेडिओ आणले. अण्णांनी आणली काळी पडलेली चांदीची नाणी. वाळूत खेळणारी पोरं ती उकरून आणायची आणि जॅमच्या एका डब्याच्या बदल्यात देऊन टाकायची. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन नाणी आहेत, एवढं त्यांना त्यांच्या कॅप्टनसाहेबांनी सांगितलं होतं. एका अंगाला कुणा राजाचं नाहीतर देवीचं मुंडकं, दुसऱ्या अंगाला काहीबाही. अण्णा पालथी करून बघायचे आणि जनावर असेल तेवढंच घ्यायचे. मी एकदा विचारलं, जनावरंच का? म्हणाले, “वर्षभर बैल दिसला न्हवता गं. डोळं सुकलं हुतं. म्हनून नाण्यावरचा घेतला.” एकदा बैल घेतल्यावर मग घोडा आला, रानडुक्कर आलं, मोर आला. हत्ती तेवढा मागाहून, सांगलीच्या सराफकट्ट्यावर मिळाला. कुणाच्या तरी आजीच्या माळेतला, वर ओवायची कडी डाखलेली. ती कडी अण्णांनी तशीच राहू दिली. “हाराचा मान हाय त्यो, काढू नये,” म्हणाले. असं करत करत बारा नाणी झाली.

ती बारा बिस्किटाच्या चौकोनी डब्यात असायची आणि डबा लष्करी काळ्या ट्रंकेत. अण्णांजवळ या विषयावरचं एक पुस्तक नव्हतं आणि असतं तरी ते इंग्रजीत असतं. त्यांनी स्वतःची रीत काढली. शंभरपानी वही घेतली. नाण्यावर पान ठेवून वरून शिसपेन्सिल घासायचं काम माझ्याकडे. करड्या रंगातून जनावर हळूहळू वर यायचं, आधी पाठ, मग पाय, शेवटी डोळा. खाली अण्णा जनावराचं नाव लिहायचे आणि त्याच्याखाली ‘सांगणार’ म्हणून ते ओळखणाऱ्या माणसाचं नाव, कारण ज्याला जे जनावर कळतं त्याच्याकडून ते खात्री करून घ्यायचं, हा त्यांचा नियम. बैल त्यांनी बाजारात बैलांच्या दलालाला दाखवला. तो म्हणाला, दोन दाती हाय, तरना हाय, पर खांदं पडल्याती. घोड्याला पंख होते. टांगेवाल्या इसाकचाचांनी ते नाणं बराच वेळ उन्हात फिरवलं आणि म्हणाले, “पंख आमच्या घोड्याला न्हाईत फौजी, पर खूर बराबर हैत. नाल मारल्याली न्हाई.” अण्णांनी ते तसंच्या तसं वहीत उतरवलं. आईला हा सगळा पोरखेळ वाटायचा. हुलग्याची शेंगोळी रटरटत असायची, ताटं वाढलेली असायची, आणि आम्ही बापलेक खेकड्याला नांग्या किती यावर वाद घालत बसलेले.

एका नाण्यावर कुत्री होती, आणि तिच्या पोटाखाली दोन माणसाची पोरं दूध पीत होती. अण्णांनी कुत्री असंच लिहिलं होतं. सुगीनंतर जतकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडे उतरायचे. रानात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं. त्यांतला बिरू मेटकरी अण्णांच्या वयाचा. अण्णांनी त्याला ते नाणं दाखवलं. त्यानं नखानं शेपटीवरून रेघ ओढली.

“ही कुत्री न्हवं,” तो म्हणाला. “कुत्रीचं श्यापूट वर वळतंय. हिचं खाली लोंबतंय बघा. ही लांडगी हाय.” मग त्याचं लक्ष खाली गेलं. “आन् ही काय? पोरं? पोरं पित्यात हिला?”

“दिसतंय तर तसंच,” अण्णा म्हणाले.

“आवं, गेल्या साली हिनं माझी सात कोकरं न्हेली!” बिरूनं नाणं अण्णांच्या हातावर जवळजवळ फेकलंच आणि धोतराला हात पुसला. तो उठूनच गेला. दोन दिवसांनी मेंढरांचा वाडा हलवायच्या वेळी मात्र परत आला, म्हणाला, दाखवा बरं पुन्हा एकदा. पुष्कळ वेळ बघून त्यानं ते माझ्या हातात दिलं. “पाजती ती आई,” तो मला म्हणाला. “कुनाची का असंना. पर पोरी, हिला मेंढरांच्या म्होरं आनू नगं.” अण्णांनी ‘कुत्री’वर काट मारून ‘लांडगी’ लिहिलं, सांगणार बिरू मेटकरी, जत. त्या दिवसापासून बारांतली माझी लाडकी तीच.

सुट्टी संपली तेव्हा अण्णांनी ट्रंकेची चावी काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. मी बारा वर्षांची होते. “सुमन, मी येईस्तवर ह्या जनावरांचं तू बघायचं. कुनी मागितली तर द्यायची न्हाईत. मोठी झालीस की तुझीच हायती.” आईदेखत म्हणाले, आबांदेखत म्हणाले. हे मी पुन्हा लिहिते: सगळ्यांदेखत म्हणाले.

त्या पावसाळ्यात आबा गेले. अण्णांना सीमेवरून येता आलं नाही, आणि त्यानंतर वर्षभर सुट्टीही मिळाली नाही. आमच्या भावकीत घरातला कर्ता गेला की वर्षाच्या आत त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे पानाच्या विड्याएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडेस्वार, हातात तलवार. आबा जन्मात घोड्यावर बसले नव्हते, गुऱ्हाळाला गाडी जुंपण्यापलीकडे त्यांनी काही जुंपलं नव्हतं. पण मेल्यावर आमच्याकडे सगळ्यांनाच घोडा मिळतो. म्हणजे पुरुषांना. टाकाची चांदी घरचीच लागते, बाजारची चालत नाही, आणि पुरुषाच्या टाकाला बाईच्या अंगावरची चालत नाही. आबांचा चांदीचा करदोडा आत्याच्या लग्नात मोडला होता. वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले आणि तात्या आले, बरोबर स्वतःची मूस आणि भाता घेऊन.

जेवताना ते आईला म्हणाले, “वैनी, अण्णाच्या ट्रंकेत चांदी हाय न्हवं? त्या परदेशी राजांची मुंडकी?”

आईची भाकरी तव्यावरच राहिली. पण ती म्हणाली, “हाय की.”

“मग हुडकायचं कशाला? सुमे, चावी आन.”

मी म्हणाले, अण्णांनी कुणाला द्यायची नाही म्हणून सांगितलंय. अण्णांना पत्र टाका. तात्या हसले. “बापाच्या टाकाला लेकाला काय इचारायचं? त्यो का न्हाई म्हननार हाय? चावी दे.” मी दोन्ही हातांनी दोरा धरला. तेव्हा आई उठली. ती मला मारणार असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, “दे गं बाई. दिराम्होरं तमाशा नगं.” तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. ज्या बाईसमोर अण्णा मला ‘तुझीच हायती’ म्हणाले होते, तीच बाई हे म्हणत होती.

कुलूप अवघड आहे, मीच उघडते, असं म्हणून मी आत गेले. ट्रंक उघडली, त्यांच्याकडे पाठ केली, डब्यातून लांडगी काढली आणि गालात धरली. तेवढंच सुचलं. बाकीची का नाही घेतली, हे मी स्वतःला आजवर विचारते आहे. एका गालात किती जनावरं मावणार? मग मी डबा नेऊन तात्यांच्या पुढे ठेवला.

त्यांनी विहिरीजवळच्या सपाट जागेवर, भर दुपारी, भट्टी मांडली. मी पडवीच्या खांबाला धरून उभी. भात्याचा फसफस आवाज, कोळशाची धग, चांदी गाळताना टाकायच्या टाकणखाराचा उग्र वास. तात्या एकेक नाणं उचलून बघत होते, जनावर नव्हे, चांदी. बैल गेला. मोर गेला. इसाकचाचांचा बिननालाचा घोडा गेला. हत्ती कडीसकट गेला. कडी आधी लाल झाली, मग सोंड मऊ पडली, मग पाठ, आणि मग तिथे नुसतं चकाकणारं पाणी राहिलं. मला किंचाळायचं होतं. तात्या, थांबा, हे दोन हजार वर्षांचं आहे, हे तुमच्या बापाचं नाही, असं ओरडायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर लांडगी बाहेर पडली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोंड माझं मीच दाबलं होतं. चांदीची चव गालभर पसरली होती. तात्यांनी वर बघितलं आणि आईला कौतुकानं म्हणाले, “पोरगी शानी हाय वैनी. एक टिपूस काढला न्हाई.”

त्या कौतुकाचा राग मला वितळलेल्या नाण्यांहून जास्त आहे. मुलीनं गप्प राहिलं की ती शहाणी. पुढे शाळेत मुख्याध्यापकांनी हेच माझ्याबद्दल म्हटलं, सासरी हेच म्हटलं, आणि दर वेळी माझ्या गालात त्या नाण्याची चव आली. आता मी कुणाला शहाणी वाटत नाही आणि मला ते बरं वाटतं.

दिवाळीनंतर अण्णा सुट्टीवर आले. मी मनाशी एक सौदा ठरवला होता. टाक बघितल्यावर ते चिडतील. तात्यांवर ओरडतील, आईवर ओरडतील, निदान भिंतीवर मूठ आपटतील. त्यांनी एक शब्द रागाचा काढला की मी लांडगी त्यांच्या हातावर ठेवणार. स्वयंपाकघराच्या दाराआड ती मुठीत घट्ट धरून उभी राहिले होते. अण्णांनी पाय धुतले, देव्हाऱ्यापाशी गेले. तात्याही त्या वेळी घरीच होते. मोठ्या उत्साहानं म्हणाले, “आबांचा टाक बघ, अण्णा. तुझ्या नाण्यांचाच केला. अकरा नग हुतं, लय निर्मळ चांदी निघाली. घरच्या चांदीचा टाक झाला बघ!”

अण्णा वाकून बघत राहिले. मग त्यांनी बोट हळदीत बुडवलं, टाकाला लावलं, आणि म्हणाले, “बरं केलंस.”

एवढंच. मग त्यांनी भाकरी खाल्ली, काकवी मागून घेतली, ऊस कसा आहे विचारलं. माझी मूठ घामानं भिजली होती. मी ती उघडली नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं तात्यांबद्दल म्हणता आलं असतं. पण ज्याला चव होती तोच ‘बरं केलंस’ म्हणाला, त्याला काय म्हणायचं? बाप मेलेला, भावानं भक्तीनं केलेलं, देवात बसलेलं, तिथे राग काढायला त्यांना जागा राहिली नव्हती, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आता कळूनही राग तेवढाच आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चावी मागितली. ट्रंकेपुढे मांडी घालून बसले, माझ्याकडे पाठ करून, बराच वेळ. मग कुलूप लावलं आणि चावी परत माझ्या गळ्यात घातली. “राहू दे तुझ्याकडंच. मन झालं की उघड.”

“त्यात आता काय राहिलंय?” मी म्हणाले. त्या सुट्टीत मी त्यांच्याशी बोललेलं हे एकच वाक्य.

“बघायचं,” ते म्हणाले.

मी बघितलं नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा चावी शिवणयंत्राच्या खणात टाकली आणि लांडगी कुंकवाच्या करंड्यात, कुंकवाखाली. माहेरी गेले की अण्णा कधीतरी विचारायचे, “चावी हाय न्हवं?” मी ‘हाय’ म्हणायचे आणि विषय तोडायचे. मला वाटायचं, जखमेवरची खपली काढतात. ते पेन्शनीत आले, आई गेली, तात्या गेले, अण्णा नव्वदीला टेकले, आणि लांडगी शाबूत आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. बाराच्या बारा गेली असं समजून हा माणूस जळू दे, असं मला वाटायचं. ओरडला नाहीस ना, मग जळ. एवढा दुष्टपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केला नाही. गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले.

या महिन्यात संभाचा फोन आला. संभा म्हणजे तात्यांचा मुलगा. कडेगावचं घर आणि ऊस आता तोच बघतो. “आक्का, अण्णांच्या टाकाचं बगाय पायजे, वरीस होत आलं. घरात चांदी काय न्हाई. ती काळी ट्रंक हाय, त्यात काय असंल तर बघतो. चावी तुझ्याकडं हाय म्हनं. न्हाईतर कुलूप तोडू का?”

“हात लावशील तर बघ,” मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. पर्समध्ये चावी होती आणि करंडाही होता. करंडा का घेतला, ते मला सांगता येणार नाही.

कुलपाला तेल सोडावं लागलं. आत अण्णांची कसर लागलेली जर्सी, पदकांची फीत, रिकामा बिस्किटाचा डबा, आणि वही. मी पहिलं पान उघडलं. माझ्या बारा वर्षांच्या हातानं घासलेला बैल, खाली दलालाचं नाव, आणि त्याखाली अण्णांच्या अक्षरात नवी ओळ: आबांच्या टाकात. पुढचं पान, मोर: आबांच्या टाकात. घोडा, डुक्कर, खेकडा, हत्ती, प्रत्येकाखाली तेच. अकरा पानं. ती ओळ पेन्सिलीनं एवढी दाबून लिहिलेली की काही ठिकाणी कागद फाटला होता. हाच त्यांचा राग. मी पन्नास वर्षांहून जास्त ज्याची वाट बघितली तो इथे होता, माझ्या खणातल्या चावीच्या कुलपात.

बाराव्या पानावर लांडगी. कुत्रीवर काट, सांगणार बिरू मेटकरी, जत. खाली लिहिलं होतं: सुमनकडे आहे. मागायची नाही. देईल तेव्हा घ्यायची.

तात्यांनी अकरा म्हटलं तेव्हाच अण्णांना कळलं होतं. देव्हाऱ्यापुढे, हळदीत बोट बुडवायच्या आधी. मग ते उभा जन्म माझ्या हाताकडे बघत राहिले आणि मी उभा जन्म मूठ आवळून बसले. विचारायचं तरी एकदा! बाप होता तुम्ही, दरडावून मागायची होती!

“आक्का, घावली का चांदी?” संभानं दारातून विचारलं.

मी करंडा उघडला, कुंकवातून लांडगी काढली, पदराला पुसली आणि देव्हाऱ्यापाशी गेले. “हाच अण्णांचा टाक. मोडायचा न्हाई. ठोकायचा न्हाई. असाच बसवायचा.”

संभानं वाकून बघितलं. “आक्का, ही कुत्री हाय.”

“लांडगी हाय. श्यापूट बघ.”

“देवात लांडगी? भावकी काय म्हनंल?”

“भावकीला माझ्याकडं पाठव,” मी म्हणाले. आबांच्या टाकाशेजारी, त्या अकरांच्या शेजारी, मी ती ठेवली. ठेवली कसली, आपटली. “घ्या,” मी म्हणाले, “घ्या आता!” माझा आवाज एवढा चढला होता की संभाची बायको हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.